दामल्याचा हत्ती

दामले कुणालाही 'काय, कसं काय?' असं विचारत नाही. तो विचारतो, "ऑइल कधी बदललंस?"

अकरा वर्षांपूर्वी मी पुण्याहून न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आलो, त्याला चारच दिवस झाले होते. गणपतीची आरती एका भाड्याच्या हॉलमध्ये होती. कोण कुठल्या पेठेतलं, कोणाची मावशी कोणाच्या शाळेत शिक्षिका होती, अशा नेहमीच्या ओळखी चालल्या होत्या. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ माझ्यापुढे आला, हातावर खिरापत ठेवली आणि म्हणाला, "मी दामले. गाडी घेतलीस ना? ऑइल कधी बदललंस?"

गाडी मी आदल्याच दिवशी घेतली होती, कुणीतरी वापरलेली. मी खरं ते सांगितलं, की मला काही कल्पना नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजारी आईला घरात कोंडून आरतीला आलोय. मग एका हातात मोदक धरून तो माझ्याबरोबर पार्किंगमध्ये आला, बॉनेट उघडायला लावलं, ऑइलची पट्टी बाहेर ओढली, मोदकाबरोबर मिळालेल्या कागदी रुमालाला पुसली आणि वास घेतला. "काळं झालंय," तो म्हणाला. "शनिवारी ये." मी गेलो. न जाण्याची हिंमत कुणाला होती?

दामले एका दूध पावडरीच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर आहे. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण पहिल्या शनिवारीच मला 'अरे कदम' करून मोकळा झाला, त्यामुळे मीही अरे-तुरेवर आलो. त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं. "बिघडल्यावर कोणीही बघतं. चालतंय तोवर बघायचं!" हे वाक्य तो कारखान्यातल्या पंपाबद्दल म्हणतो, दातांबद्दल म्हणतो आणि एकदा एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला भाषण करताना म्हणाला होता. त्या जोडप्याने ते फार मनाला लावून घेतलं.

त्याचा कान म्हणजे एक प्रकरण आहे. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. आत कुठला भाग कुरकुरतोय ते त्याला कळतं. एकदा आमच्या घरी जेवायला आला होता. माझी बायको मीनल आमटी वाढत होती. दामल्याने मध्येच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पानावरून उठला आणि आमच्या फ्रिजच्या मागे जाऊन बसला. "कॉम्प्रेसरचा एक पाय ढिला झालाय," आतून आवाज आला. मीनलने आमटी पुन्हा पातेल्यात ओतली. आम्हाला त्या फ्रिजचा आवाज नऊ महिने ऐकू आला नव्हता.

आता मुख्य विषयाकडे येतो. म्हणजे ट्रककडे.

दामल्याकडे एक अमेरिकन ट्रक आहे. तिकडच्या मोठ्या शेतांवर जड ओझी ओढायला बनवलेला, इकडे आणून स्टेअरिंग उजवीकडे करून घेतलेला. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. चाकं माझ्या कमरेला लागतात. न्यूझीलंडमध्ये मागे हौदा असलेल्या कुठल्याही गाडीला 'यूट' म्हणतात, पण दामल्यासमोर तो शब्द काढायचा नाही. "यूट म्हणजे खेळणं. हा ट्रक आहे." त्याची बायको वृंदावहिनी मात्र त्याला ट्रकही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, 'ह्यांचा हत्ती'.

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात त्यांनी आमच्यापासून दोन घरं सोडून घर घेतलं, ते ह्या हत्तीसाठी. एजंट बाई वहिनींना स्वयंपाकघरातला ओटा दाखवत होत्या आणि दामले गॅरेजमध्ये जमिनीवर पालथा पडून टेपने मापं घेत होता. "लोक घर घेतात, त्याला गॅरेज असतं," वहिनी म्हणतात. "आम्ही गॅरेज घेतलं, त्यावर हे घर फुकट मिळालं." एवढं करून मापं चुकली. लांबी बसली, रुंदी बसली, उंची दीड इंचाने जास्त भरली. पहिल्या दिवशी ट्रक गॅरेजच्या तोंडाशी अडकून उभा, आणि दामले डोकं खाजवत.

दुसऱ्या कुणी ट्रक बाहेर ठेवला असता. दामल्याने आम्हा चार शेजाऱ्यांना बोलावून मागच्या हौद्यात आडवं झोपायला सांगितलं. आमच्या वजनाने ट्रकचं बूड किती बसतं, ते त्याला बघायचं होतं. पाऊण इंच बसलं. ह्याचा अर्थ आम्ही आठ जण हवे होतो. रोज संध्याकाळी आठ शेजारी गोळा करणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने वाळूची पंचवीस पोती आणली आणि हौद्यात कायमची रचून ठेवली. ट्रक गॅरेजमध्ये अलगद जाऊ लागला. तेव्हापासून ओझी वाहण्यासाठी जन्मलेली ती गाडी फक्त स्वतःला घरात जाता यावं म्हणून वाळू वाहत होती. आम्ही नवीन सोफा घेतला तेव्हा मी आशेने त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "नेऊ की! पण आधी पंचवीस पोती उतरवायची, मग सोफा चढवायचा, मग सोफा उतरवायचा आणि पोती चढवायची. कधी येतोस?" सोफा मी भाड्याच्या ट्रेलरमधून आणला.

दसऱ्याला हत्तीची पूजा असते. इथे ऑक्टोबरात झेंडू मिळत नाही, म्हणून दामले अंगणातल्या पिवळ्या डेझींचा हार करतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो आणि पुढच्या चाकापाशी नारळ फोडतो. पलीकडे राहणारा ग्रॅहम नावाचा गोरा शेजारी पहिल्या वर्षी कुंपणावरून बघत राहिला. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं. दामल्याने सांगितलं, की जी यंत्रं वर्षभर आपलं काम करतात त्यांना आम्ही एक दिवस थँक्यू म्हणतो. ग्रॅहमने जरा विचार केला, आत गेला आणि गवत कापायचं मशीन ढकलत घेऊन आला. "माइट ॲज वेल डू माइन, मेट." आता तो दर दसऱ्याला मशीन धुऊनपुसून आणतो. नारळाच्या खोबऱ्याचा वाटाही न विसरता घेऊन जातो.

तर एवढा मोठा ट्रक एका तीन माणसांच्या कुटुंबाला कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर त्याची मुलगी सई.

सई अकरा वर्षांची असताना वर्गातल्या मैत्रिणीच्या फार्मवर गेली, घोड्यावर बसली आणि घरी येऊन म्हणाली, मला घोडा हवा. दामले समोरून कुत्रं आलं तरी रस्ता ओलांडणारा माणूस. पण पोरीला नाही म्हणणं त्याला जमत नाही. त्याने तीन आठवडे वाचन केलं. घोडा स्पर्धेला न्यायचा तर बंद ट्रेलर लागतो, त्याला इथे फ्लोट म्हणतात. घोड्यासकट त्याचं वजन दोन टन. "दोन टन ओढायचे, तर ताकद चार टनांची हवी," असा निष्कर्ष काढून त्याने आधी ट्रक घेतला, मग फ्लोट घेतला आणि सगळ्यात शेवटी घोडा. वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांकडे वरातीमागून घोडं येतं, आमच्याकडे गाडीमागून!"

बिस्किट असं त्या घोड्याचं नाव. तपकिरी, म्हातारा आणि स्वभावाने आमच्यातल्या कुणाहीपेक्षा शांत. सात वर्षांत दामल्याने त्याला एकदाही हात लावला नाही. गाजर भरवायचं तर स्वयंपाकघरातल्या चिमट्यात धरून भरवायचा. पण दर शनिवारी पहाटे पाचला हत्ती, त्यामागे फ्लोट, त्यात बिस्किट, पुढे दामले आणि शेजारी सई, अशी स्वारी निघायची. कधी टाउपो, कधी माटामाटा, कधी 'ते आवामुतू' नावाचं गाव. वहिनी थालीपिठांचा डबा द्यायच्या. मैदानावर इतर आईबाप कठड्याला टेकून टाळ्या वाजवायचे. सईची उडी मारायची पाळी आली की दामले ट्रकचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालायचा. टाळ्या ऐकू आल्या की बाहेर काढायचा. त्या सात वर्षांत त्याने आपल्या मुलीची एकही उडी बघितली नाही, आणि त्या ट्रकच्या ऑइलची पट्टी न्यूझीलंडमध्ये सगळ्यात जास्त वेळा तपासली गेली.

तीन वर्षांपूर्वी सई जनावरांची डॉक्टर व्हायला मेलबर्नला गेली. बिस्किट एका चांगल्या घरी गेला, फ्लोट विकला. ट्रक राहिला. दामले त्यातून नऊ किलोमीटरवरच्या कारखान्यात जायचा आणि नऊ किलोमीटर परत यायचा, आणि तरी दर शनिवारी सकाळी हत्तीचं सगळं तपासून ठेवायचा, जणू थोड्या वेळात टाउपोला निघायचंय.

ह्यात भरडल्या जात होत्या वृंदावहिनी. त्या गाडी चालवत नाहीत. दुसरी गाडी घ्यायला दामले तयार नाही, कारण "दोन अर्धवट सांभाळण्यापेक्षा एक नीट सांभाळावी." आणि हत्तीत चढायचं तर वहिनींना स्टूल लागायचं. दामल्याने त्या स्टुलाला नायलॉनची दोरी बांधून दिली होती. वहिनी स्टुलावरून वर चढायच्या, बसायच्या आणि विहिरीतून कळशी काढावी तसं स्टूल वर ओढून पायाशी ठेवायच्या. देवळापाशी, दुकानापाशी, दवाखान्यापाशी, जिथे उतरायचं तिथे आधी स्टूल खाली सोडायचं. येणारेजाणारे थांबून बघायचे. मग गुडघा इतका बिघडला की स्टूलही पुरेना. गेली दोन वर्षं वहिनी कुठे गेल्या असतील तर मीनलच्या गाडीतून.

ह्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. सर्जनने सांगितलं, त्यानंतर कित्येक महिने असलं चढणं-उतरणं अजिबात नको. त्या दिवशी वहिनी दामल्याला म्हणाल्या, तेही आमच्या देखत, "अहो, ऑपरेशनच्या आधी हत्ती विका आणि मला बसता येईल अशी गाडी आणा. नाहीतर दवाखान्यातून मी कदमांच्याच घरी जाईन."

"विकतो की," दामले म्हणाला. एवढ्या पटकन म्हणाला, की मला तेव्हाच संशय आला.

जाहिरात टाकली. गिऱ्हाइकं यायला लागली. वहिनी उत्साहाने पोहे करायच्या, दामले दिवाणखान्यात गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचा. मुलगी बघायला आलेल्या स्थळाचीही एवढी चौकशी होत नाही. पहिला आला तो टोपी आणि जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेला तरुण. त्याने विचारलं, किती स्पीडला जातो? दामल्याने त्याला पोहे संपवू दिले आणि दारापर्यंत पोचवून आला. दुसरा बिल्डर होता, पैसे घेऊनच आला होता. तो ट्रकभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "स्वीट ॲज, आय विल टेक इट." दामल्याने नकार दिला. "बॉनेट न उघडता हो म्हणाला रे! अशा माणसाकडे द्यायचा?" तिसऱ्याने बॉनेट उघडलं, पण जोरात आपटून बंद केलं.

चौथा ऑकलंडजवळच्या मनुरेवाहून आला. सियोने नावाचा, भलामोठा, हसरा टोंगन माणूस. त्याच्याकडे मासेमारीची बोट होती, ती ओढायला ट्रक हवा होता. आल्या आल्या तो पाठीवर झोपून ट्रकखाली गेला आणि वीस मिनिटं बाहेरच आला नाही. मग त्याने ऑइलची पट्टी काढली, पुसली आणि वास घेतला. मी दामल्याकडे बघितलं. दामल्याचा चेहरा पडला होता. इतका योग्य माणूस येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. सियोने चालवत होता, दामले शेजारी, मी मागे. हायवेला लागलो आणि केबिनमध्ये घों घों आवाज सुरू झाला. मी त्या ट्रकमधून लांब कधी गेलोच नव्हतो, म्हणून मला नवल वाटलं. डाव्या दाराच्या कडेने वारा आत येत होता, त्यात डिझेल इंजिनाची घरघर. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. सियोनेने गाडी थांबवली, दाराच्या कडेवर बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, की एवढंच? दाराचं रबर झिजलंय. तासाभराचं काम, मी घरी नेल्यावर पहिलं तेच करीन.

परत येताना दामले सारखा दाराच्या कडेवर अंगठा फिरवत होता. घरी उतरल्यावर म्हणाला, "सॉरी. नॉट फॉर सेल." सियोनेने आपला नंबर ठेवला आणि बिचारा पोहे खाऊन गेला. वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

मी चिडलो. ऑपरेशनला बारा दिवस राहिले होते. तावातावाने गॅरेजमध्ये गेलो, तर दामले फळीवरचं सामान सरळ करत होता. तिथे एक लांबट खोका होता. त्यावर त्याच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं, 'दार, डावं, रबर', आणि खाली तारीख. नऊ वर्षांपूर्वीची. खोका उघडलेला नव्हता.

"अरे, नवीन रबर नऊ वर्षं पडून आहे? तुझ्याकडे?" मी विचारलं. माझ्या फ्रिजचा पाय ढिला असलेला ह्याला पानावर बसून ऐकू येतो!

"वेळ नाही मिळाला," दामले म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खोटं बोलताना ऐकलं. मी घरी आलो.

आईच्या ऑपरेशनसाठी सई आठवडाभर आधी येणार होती. मी तेव्हा ऑफिसच्या कामाने सिडनीत होतो. माझं विमान आणि तिचं विमान दुपारी पाऊण तासाच्या अंतराने ऑकलंडला उतरत होतं, त्यामुळे दामले आम्हा दोघांना एका फेरीत घ्यायला आला. तीन वर्षांत सई एकदाच, तेही चार दिवसांसाठी येऊन गेली होती. आता चांगली उंच, केस कापलेली. "हाय काका!" म्हणून तिने मला मिठी मारली. बापाला मिठी मारताना दोघंही अवघडली. ह्या घरात सगळं प्रेम यंत्रांमार्फत होतं.

सईचं मराठी मला माहीत होतं. तिला समजतं सगळं, पण इथे वाढलेल्या सगळ्या पोरांसारखी ती उत्तर इंग्रजीत देते. दामले घरी विचारणार, "सई, जेवणार का?" आणि सई म्हणणार, "आय ॲम गुड." ह्यापलीकडे बापलेकीचं संभाषण गेलेलं मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

सई पुढे बसली, मी मागे. हायवेला लागलो, घों घों सुरू झालं. सई म्हणाली, "बाबा, द ट्रॅफिक्स हीप्स वर्स, ए?"

"आँ?" दामले म्हणाला.

"द ट्रॅफिक!"

दामल्याने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. "आवाज फार आहे. इंग्रजी काही ऐकू येत नाही."

मी मागे ताठ बसलो. सईने एकदा खिडकीबाहेर बघितलं, हसली आणि म्हणाली, "मी म्हणाली, गर्दी खूप वाढली."

"हो. वाढली."

आणि मग ती पोर बोलायला लागली. अडखळत, वाकड्यातिकड्या मराठीत, क्रियापदं उलटीपालटी करत. बरोबर राहणारी मुलगी भांडी घासत नाही. दवाखान्यात एका कुत्रीचं ऑपरेशन तिने स्वतः केलं. एका पेपरात ती नापास झाली, ते आईला सांगायचं नाही. "पहिला वर्ष मला खूप एकटं वाटत होता, बाबा. मी रोज रडायची. मग तुम्हाला फोन नव्हती करत, कारण तुम्हाला कळेल." दामले रस्त्याकडे बघत फक्त "मग?" म्हणायचा. थोड्या वेळाने पुन्हा "मग?" माझ्या लक्षात आलं, की टाउपो, माटामाटा आणि ते आवामुतूच्या वाटेवर सात वर्षं हेच चाललं होतं. ह्या माणसाने एक भला थोरला ट्रक मराठी बोलण्यासाठी बिघडवून ठेवला होता. मला हसू आलं.

बॉम्बेला चहासाठी थांबलो. आपलं नव्हे, ऑकलंडच्या दक्षिणेला त्या नावाचं एक गाव आहे. दामले टायरवर हात फिरवत ट्रकला चक्कर मारायला लागला. मी सईला हळूच विचारलं, "बाबाला खरंच ऐकू येत नाही, असं वाटतं तुला?"

"काका," ती म्हणाली, "ही कॅन हिअर अ लूज नट फ्रॉम द नेक्स्ट स्ट्रीट."

"मग? कधीपासून माहितेय?"

"सिन्स आय वॉज लाइक ट्वेल्व्ह."

"मग बोलली का नाहीस कधी?"

तिने कपातल्या चहाकडे बघितलं. मग म्हणाली, "बोलली असती, तर त्याने दार रिपेअर केला असता ना."

माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा दोष मीनल मला लग्नापासून सांगत आलीये. दुसऱ्याच दिवशी मी दामल्याच्या गॅरेजमध्ये गेलो.

"दामले, सईला माहितेय."

"काय?"

"तुला ऐकू येतं, ते."

त्याच्या हातात पाना होता. स्वच्छ होता, तरी तो पुसायला लागला. "कधीपासून?"

"बारा वर्षांची होती तेव्हापासून. म्हणाली, सांगितलं असतं तर त्याने दार दुरुस्त केलं असतं."

दामल्याने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. मी त्याला तसाच सोडून घरी आलो, कारण कधी निघावं एवढं मला कळतं.

सकाळी त्याचाच फोन आला. "कदम, जरा ये. दुसरा हात लागेल." खोका उघडलेला होता. जुनं रबर त्याने सोलून काढलं, खाच ब्रशने साफ केली, आणि आम्ही दोघांनी नवीन रबर वीतवीत दाबत बसवलं. हायवेवर नेऊन बघितलं. केबिन एकदम शांत. दामले म्हणाला, "काहीतरी बोल." मी म्हटलं, "काय बोलू?" तो म्हणाला, "काही नको. ऐकू आलं." मग तिथेच थांबून त्याने सियोनेला फोन लावला.

पंचवीस पोती उतरवायला सई, मी आणि ग्रॅहम होतो. सियोनेला दामल्याने पाऊण तास सूचना दिल्या, आणि त्या देवमाणसाने त्या लिहून घेतल्या. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी घरासमोर एक बुटकी, करड्या रंगाची विजेवर चालणारी गाडी उभी राहिली. वहिनींनी दार उघडलं, बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. असं चार वेळा केलं आणि पाचव्यांदा बसून रडल्या. दामले बाजूला उभा होता. "ह्यात ऑइलच नाही रे," तो मला म्हणाला, फार हताशपणे. आता तो रोज सकाळी काच धुवायच्या पाण्याची पातळी तपासतो.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे राहून सई परत गेली. ती गेल्यावर दामले जरा गप्प गप्प असायचा. मी 'काय रे' म्हटलं की म्हणायचा, "काही नाही. गाडी फार शांत आहे."

परवा रविवारी दुपारी आम्ही दोघं वहिनींच्या न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची म्हणून हार्डवेअरच्या दुकानात निघालो होतो. वाटेत गाडीतल्या स्पीकरवर फोन वाजला. सईचा होता. दामल्याने घसा खाकरला आणि चक्क इंग्रजीत सुरुवात केली. "हॅलो सई. हाऊ आर यू? हाऊ वॉज युअर पेपर?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. ट्रक गेला, आता पोरीला मराठीत ओढायचा आपल्याला काही हक्क नाही, असं ह्या माणसाने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला सोपं जावं म्हणून तो आपलं कारखान्यातलं इंग्रजी इस्त्री करून बोलत होता.

पलीकडे अगदी शांत होतं. तिच्या खोलीतलं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं.

"आँ?" सई म्हणाली.

"आय सेड, हाऊ वॉज युअर..."

"बाबा, इथे आवाज फार आहे. इंग्रजी काही ऐकू येत नाही मला."

दामल्याने डावीकडचा इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. गाडी थांबली तरी दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच घट्ट.

"जेवलीस का गं?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही अजून. वरण केली होती, पण बिघडली."

"बिघडली म्हणजे काय झालं? नीट सांग. अगदी पहिल्यापासून सांग."

ती सांगायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर कुणाच्या तरी घराचं कुंपण होतं, दुसरं काही नव्हतं, पण आत बघायचा मला धीर झाला नाही. ते वरण कुकरमधून ताटात येईपर्यंत सव्वा तास गेला. दुकान पाचला बंद होतं. आम्ही काही पोचलो नाही.